सतरा नंबर

आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर आज सकाळी पुन्हा तो फोटो आला. पासाडेना, 1994, ब्राझीलविरुद्धची वर्ल्ड कप फायनल, शेवटची पेनल्टी हुकल्यावर कमरेवर हात ठेवून मान खाली घातलेला इटलीचा रॉबेर्तो बॅजियो. खाली आयुष्याचं तत्त्वज्ञान, दोन गुलाब, जोडलेले हात. मी एवढंच लिहिलं की त्याच पेनल्टी शूटआउटमध्ये अल्बेरिको एव्हानीनेही किक मारली होती आणि ती आत गेली होती, कधीतरी त्याच्याबद्दलही बोला. लगेच एका साहेबांचं उत्तर: "तो मॅन्चिनीचा असिस्टंट ना? म्हणजे कोन मांडणारा 😂" (मॅन्चिनी म्हणजे नंतरचा इटलीचा कोच, आणि कोन म्हणजे सरावाला मैदानात ठेवतात ते प्लास्टिकचे शंकू.)

डोकंच फिरलं. ग्रुपवर भांडत बसण्यापेक्षा म्हटलं इथेच लिहू. इथली मंडळी निदान खेळ बघतात, नुसते फोटो बघत नाहीत.

ती फायनल आपल्याकडे रात्री एक वाजता सुरू झाली होती. कोल्हापुरात मामाच्या घरी अख्खी गल्ली टीव्हीपुढे. मामा स्वतः पेठेच्या टीमकडून हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळलेला, त्यामुळे त्याचं लक्ष नेहमी भलतीकडेच. जादा वेळेत दिनो बॅजियोला (हा वेगळा बॅजियो) काढून नवा माणूस आत आला, तेव्हापासून त्याचं एकच: "ह्ये सतरा नंबरचं कोण रं?" कुणी उत्तर देईना. सगळ्यांचे डोळे दहा नंबरवर, रॉबेर्तो बॅजियोवर.

मग पेनल्टी. बारेसीने पहिलीच बारवरून मारली. अल्बर्तिनीने गोल केला. 1-1 असताना सतरा नंबर, म्हणजेच एव्हानी, चालत गेला आणि इटली 2-1 ने पुढे. हो, पुढे! बॅजियोची किक आकाशात गेली हे जगाला पाठ आहे, पण इटलीच्या दोन किका आधी तीच पुढे होती हे कुणाच्या गावी नाही. मासारोची किक अडवली गेली, हेही कुणी सांगत नाही. (इटलीत सतरा हा आकडा अपशकुनी मानतात. त्या रात्री तरी त्या आकड्याने काही बिघडवलं नाही.)

मान्य, बॅजियो नसता तर इटली नायजेरियाकडूनच हरून घरी गेली असती. पुढे.

तर हा "कोन मांडणारा". 1963 चा जन्म, मासा गावचा, डाव्या पायाचा. मिलान क्लबच्या युवा संघातून वर आला आणि 1993 पर्यंत तिथेच राहिला. कोच साक्कीच्या त्या मिलानमधली नावं तुम्ही झोपेतही सांगाल: गुलिट, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, बारेसी, मालदिनी. डिसेंबर 1989 मध्ये सात तारखेला युरोपियन सुपर कपच्या दुसऱ्या सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध एकमेव गोल कुणाचा? एव्हानीचा. दहा दिवसांनी टोकियोत इंटरकॉन्टिनेंटल कप, समोर कोलंबियाचा अ‍ॅटलेटिको नॅशनल, गोलात तो अवली हिगिटा. 119 वं मिनिट, 0-0, फ्री किक. एव्हानी. 1-0. गुलिट-बास्टेनच्या टीमला दहा दिवसांत दोन कप या माणसाच्या पायाने मिळाले, आणि आमचे साहेब कोन मोजतायत.

आता खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. इटलीच्या युवा संघांना त्याने वर्षानुवर्षं शिकवलं. 2017 च्या अंडर-20 वर्ल्ड कपमध्ये तिसरा नंबर आणला. त्या टीममधला ओर्सोलिनी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. मग मॅन्चिनीने सीनियर टीमकडे बोलावलं. नोव्हेंबर 2020 मध्ये मॅन्चिनीला कोविड झाला, तो घरी. अर्धे खेळाडूही गळलेले. रेषेवर उभा राहिला एव्हानी. एस्टोनियाला 4-0 (त्यात एक गोल त्याच ओर्सोलिनीचा), पोलंडला 2-0, साराजेवोत बोस्नियाला 2-0. तीन सामने, आठ गोल, एकही खाल्ला नाही, नेशन्स लीगच्या (युरोपातल्या देशांची स्पर्धा) अंतिम फेऱ्यांचं तिकीटही हातात. आणि "मॅन्चिनीची 37 सामन्यांची अपराजित मालिका" म्हणून आपण जी मिरवतो, त्यात हे तीनही धरलेले आहेत!

फोनवरून मॅन्चिनीच सांगत होता, असं कुणीतरी म्हणेलच. असेल. पण 2-0 झाल्यावर कुणाला काढायचं, ते रेषेवरच्या माणसाला दिसतं.

मामाचंही थोडंफार असंच. हाफ खेळणाऱ्याचं नाव गोलच्या बातमीत येत नाही. त्याला त्याचं काही वाटायचं नाही, मलाच वाटायचं. त्या रात्री एव्हानीचा गोल झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "थंड डोक्याचं हाय." सगळे बॅजियोसाठी रडत होते, एकदोघे तर खरोखर. मामाला मात्र अजून सतरा नंबरचं नाव हवं होतं.

असो. लिहिता लिहिता राग जरा उतरला.

वेम्बलीतली 2021 ची युरो फायनल आठवा. मॅन्चिनी आणि त्याच्या स्टाफमधल्या वियालीची मिठी बघून मीही रडलो, खोटं कशाला बोलू. दोघं सॅम्पडोरिया क्लबचे जुने खेळाडू, 1992 मध्ये युरोपियन कपच्या फायनलला त्याच नावाच्या मैदानावर बार्सिलोनाकडून हरलेले. त्या मिठीवर माझं काही म्हणणं नाही. पण शेजारी उभ्या माणसांकडेही बघा ना! ऑगस्ट 2023 मध्ये फेडरेशनने स्टाफ बदलला तेव्हा एव्हानी आणि दुसरा असिस्टंट लोंबार्दो गेले, त्याची बातमीसुद्धा "मॅन्चिनीचा नवा स्टाफ" अशीच. काही दिवसांत मॅन्चिनीनेच राजीनामा दिला ते वेगळं.

आणि गंमत बघा, 1994 च्या त्या रात्री साक्कीचा असिस्टंट म्हणून इटलीच्या बाकावर कोण होतं? पुढे जगातला नावाजलेला कोच झालेला कार्लो अ‍ॅन्चेलोटी. त्याला म्हणा की कोन मांडणारा!

एप्रिल 2025. सॅम्पडोरिया सेरी बीच्या (इटलीची दुसरी श्रेणी) तळाशी, एका सीझनमध्ये तीन कोच घालवून बसलेली. तेव्हा हाक कुणाला? 62 वर्षांच्या एव्हानीला. या वेळी लोंबार्दो त्याचा असिस्टंट. मे महिन्यात टीम सेरी सीमध्ये घसरलीसुद्धा, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. मग दुसऱ्या एका क्लबचे, ब्रेशियाचे, गुण कापले गेले आणि प्लेआउटची, म्हणजे श्रेणीत टिकण्यासाठीच्या दोन सामन्यांची, संधी मिळाली. नशीबच म्हणा, मी वाद घालणार नाही. पण सालेर्निताना समोर असताना पहिला सामना 2-0 जिंकावा लागला, तो नशिबाने नाही जिंकला. दुसऱ्यात 2-0 ने पुढे असताना सालेर्नोच्या प्रेक्षकांनी धिंगाणा घातला, सामना थांबला, निकाल 3-0 दिला गेला. टीम वाचली.

पुढच्या सीझनला क्लबने दुसरा कोच आणला. एव्हानी गेला.