सडपातळ आणि तापट

बारीक असावा, वजनाला हलका असावा, चारचौघांत शोभावा आणि तरीही अंगात दहा हत्तींचे बळ असावे, अशी अट एखाद्या माणसाला घातली तर तो हात जोडून रजा घेईल. लॅपटॉपच्या बाबतीत घातली तर मात्र समोरून उत्साहाने ‘आहे ना!’ असे उत्तर येते. मी नेमकी हीच अट घालून बसले होते. दिवसा कार्यालयात तक्ते आणि अहवाल, आणि रात्री घरात निजानीज झाल्यावर तलवार उपसून राक्षसांच्या मागे धावणे, असे माझे दुहेरी आयुष्य आहे. दोन्हींसाठी यंत्र एकच हवे होते, ते खांद्याला लावून नेण्याजोगे हवे होते, आणि बैठकीत उघडल्यावर त्याच्या पाठीवरचा ड्रॅगन साहेबांकडे पाहून लाल डोळे मिचकावणार नाही, इतपत सभ्यताही त्याच्या अंगी हवी होती. या तीन अटींपायी मी जेवढे वाचन केले तेवढे परीक्षांसाठी केले असते, तर आज त्या बैठकीत मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसले असते.

पूर्वी हा पेच पडत नसे, कारण ताकद हवी असेल तर ओझे वाहायचे हे उघड होते. एसरने 2017 मध्ये ‘प्रेडेटर 21 एक्स’ नावाचा एक लॅपटॉप बाजारात आणला. त्याला 21 इंची वक्र पडदा, आत दोन ग्राफिक्स चिप (म्हणजे पडद्यावरची चित्रे रेखाटणाऱ्या चिप), पाच पंखे आणि आठ किलोंहून अधिक वजन होते. त्याच्या थोडे आधी असूसने ‘जीएक्स 700’ काढला होता. त्याच्या पाठीला पाण्याने गार करणारा एक स्वतंत्र डॉक जोडावा लागे, म्हणजे लॅपटॉपबरोबर त्याचा पाणवठाही आला. या यंत्रांविषयी मला मनापासून आदर आहे. मांडीवर घेण्याचा लॅपटॉप म्हणून ती विकली गेली खरी, पण त्यांना पेलणारी मांडी कोणाची असेल याबद्दल त्यांनी कोणाला कसलेही आश्वासन दिले नव्हते. त्याच 2017 साली या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने ‘मॅक्स-क्यू’ची घोषणा केली आणि वारे फिरले. चिप तीच, पण तिला वीज मोजून-मापून द्यायची, म्हणजे ती कमी तापेल आणि पातळ खोक्यात मावेल, अशी ती कल्पना. असूसचा पहिला झेफिरस लॅपटॉप जेमतेम 18 मिलिमीटर जाडीचा होता आणि झाकण उघडले की त्याचा तळ थोडा खाली सरकून हवेसाठी फट मोकळी होत असे. तेव्हापासून सगळ्यांनाच बारीक होण्याचा ध्यास लागला आहे.

आता एवढ्या वाचनानंतर माझे ठाम मत असे झाले आहे, की लॅपटॉपची जाडी कधी कमी होत नाही, ती फक्त बदली होऊन दुसरीकडे रुजू होते. चिपने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ग्राफिक्स चिपने 100 वॅट घेतले आणि प्रोसेसरने 45, तर 145 वॅटची ऊब कोठून तरी बाहेर काढणे भाग आहे. खोके जाड असेल तर मोठे पंखे सावकाश फिरून हे काम गुपचूप करतात. खोके पातळ असेल तर पातळ पात्यांच्या लहान पंख्यांना तेवढीच हवा ढकलण्यासाठी जिवाच्या आकांताने फिरावे लागते, आणि मग जी जाडी डोळ्यांना दिसत नाही ती कानांना ऐकू येते. डेसिबलचा हिशोबही मोठा फसवा आहे. चाळीसचे पन्नास झाले तर कागदावर दहाच वाढलेले दिसतात. कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो, आणि शेजारी झोपलेल्या नवऱ्याला त्याहूनही अधिक.

या सगळ्यात माझा सल्लागार होता माझा भाचा. त्याच्या मते लॅपटॉपला वजन नसते, आवाज नसतो आणि बॅटरी नसते. असते ते फक्त ग्राफिक्स कार्ड, म्हणजे तीच ग्राफिक्स चिप. ‘मावशी, कार्ड तेवढं वरच्या नंबरचं घे, बाकी सगळं चालतं,’ हा त्याचा उपदेश. म्हणून मी कार्डांच्या नंबरांकडे वळले, आणि तेथे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण इतक्या तांत्रिक स्वरूपात भेटेल असे मला वाटले नव्हते. एनव्हिडियाचे आरटीएक्स 4090 हे नाव टेबलावरच्या संगणकातल्या कार्डालाही आहे आणि लॅपटॉपमधल्या चिपलाही. टेबलावरच्यात 16,384 कूडा कोअर (चिपमधले आकडेमोड करणारे छोटे गडी) आणि 24 जीबी मेमरी, तर लॅपटॉपमधल्यात 9,728 कोअर आणि 16 जीबी. टेबलावरचे 450 वॅटपर्यंत वीज खाते. लॅपटॉपमधल्याची भूक 150 वॅटवर, आणि फार लाड केले तर 175 वर भागते. दोन्ही सख्खी भावंडेसुद्धा नाहीत, नुसते आडनाव एक. बरे, लॅपटॉपा-लॅपटॉपांतही एकी नाही. आरटीएक्स 4070 ची लॅपटॉपमधली चिप 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीवरही बसवण्याची मुभा कंपन्यांना आहे. म्हणजे दोन लॅपटॉप, दोन्हींवर तेच नाव, तोच चकचकीत स्टिकर, आणि एकाला दुसऱ्याच्या तिप्पट खुराक. हा आकडा जाहिरातीच्या मथळ्यात सापडत नाही. तो तांत्रिक माहितीच्या पानावर, अगदी तळाशी, तारांकित तळटिपेत असतो, आणि काही ठिकाणी तर तेथेही नसतो. मी भिंग घेऊन तळटिपा वाचू लागले तेव्हा घरच्यांना वाटले की मी विम्याची कागदपत्रे तपासते आहे.

तरीही कमी वॅट म्हणजे थेट फसवणूक, असे मात्र मी म्हणणार नाही, आणि येथे माझे आणि भाच्याचे बिनसले. चिपचा वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेज वाढवून द्यावे लागते, आणि विजेचा खप वेगाच्या पटीत तर वाढतोच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढतो. त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी चिप भरमसाट वीज पिते. उलट वरचे वॅट काढून घेतले तर वेगात त्या मानाने फारच थोडी घट होते. शंभर वॅटवरची चिप दीडशे वॅटवरच्या चिपपुढे दोन-तृतीयांश ठरत नाही, बरीच जवळ असते. सडपातळ लॅपटॉपचा सगळा संसार या एका नियमावर चालला आहे. मी हे भाच्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘मावशी, म्हणजे तू हरायची आधीच तयारी केलीस.’

प्रत्यक्ष अनुभवाशिवाय निर्णय नको म्हणून एका सहकाऱ्याचा अतिसडपातळ लॅपटॉप मी सुट्टीपुरता मागून आणला. बंद असताना तो इतका देखणा होता की त्याच्यावर धूळ बसू नये असे वाटावे. गेम सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे सगळे सुरळीत चालले. मग डब्ल्यू, ए, एस, डी या कळांवर ठेवलेली डाव्या हाताची बोटे कोमट झाली, कळफलक आणि पडदा यांच्यामधली धातूची पट्टी तर हात लावण्यापलीकडे गेली. गरम हवा बाहेर सोडणारी एक फट उजव्या कडेला होती आणि माझा माऊसचा हात बरोबर तिच्या तोंडाशी येत होता. हेअर ड्रायरपुढे हात धरून नेमबाजी करावी तसे ते वाटत होते. राक्षस तलवारीला घाबरत नव्हते, पण मी मात्र दर थोड्या वेळाने माऊस लांब सरकवत टेबलाच्या पार काठापर्यंत गेले होते. प्रोसेसरचा आकडा शंभर अंशांच्या आसपास खेळत होता. पाणी ज्या अंशाला उकळते त्या अंशाला हा गडी विचार करत होता, आणि त्या मर्यादेवर पोहोचला की स्वतःच वेग कमी करून निमूट बसत होता. आतली माणसे सांगतात की चिप एवढी तापणे धोक्याचे नाही, ती त्यासाठीच घडवलेली असते. चिपचे ठीक आहे. माझा हात कोणी त्यासाठी घडवला होता?

जाडीची दुसरी मोठी बदली अडॅप्टरमध्ये झालेली आढळली. लॅपटॉप मोजतात, वजन करतात, कडेने फोटो काढतात. अडॅप्टरला मात्र कोणी फोटोत उभे करत नाही. ताकदवान लॅपटॉपचा अडॅप्टर म्हणजे एक काळी वीट आणि तिला दोन्ही बाजूंनी जाडजूड शेपट्या. काहींचे वजन तर किलोच्या घरात जाते. म्हणजे ज्या पावशेरासाठी मी लॅपटॉपांची तुलना करत जागत होते, त्याच्या कैक पट ओझे बॅगेच्या तळाशी शांतपणे बसून येणार. टाइप-सी चार्जरने काम भागेल अशी आशा होती. त्याच्या नियमात 2021 पर्यंत 100 वॅट ही कमाल मर्यादा होती आणि त्यानंतर ती 240 झाली. पण लॅपटॉपचे भोक तेवढे पेलते का, हे पुन्हा त्या तळटिपेतच शोधायचे.

मग अडॅप्टर घरीच ठेवून नुसत्या बॅटरीवर का खेळू नये, असे मी भाबडेपणाने विचारले. उत्तर भागाकारात होते. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा 100 वॅट-तास आहे, म्हणून मोठमोठ्या लॅपटॉपांच्याही बॅटऱ्या 99 वर किंवा 99.9 वर येऊन शहाण्यासारख्या थांबतात, आणि सडपातळ मंडळींत बहुधा त्याहून कमीच जागा असते. नव्वद वॅट-तासांची बॅटरी आणि 180 वॅटची भूक म्हणजे बरोबर अर्धा तास. राक्षस दरवाज्यातून आत यायलाच तेवढा वेळ घेतो. प्रत्यक्षात बॅटरीवर यंत्र स्वतःच आपली भूक आवरते, त्यामुळे खेळ अर्ध्या तासाहून अधिक टिकतो, पण राक्षस आणि मी दोघेही चिखलातून चालल्यासारखे हालतो.

बाकीच्या तडजोडी मी भरभर उरकल्या. अनेक सडपातळ लॅपटॉपांत रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, मुख्य पटावरच (मदरबोर्डवर) सोल्डर करून कायमची जोडलेली असते, तेव्हा ‘पुढे वाढवू’ हे वाक्य विसरून पहिल्या दिवशीच हवी तेवढी घ्यावी लागते. फायली साठवणारी एसएसडी बहुधा बदलता येते, एवढाच दिलासा. उष्णता वाहण्यासाठी काही जण चिपवर नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू लावतात. तो गॅलियमचा मिश्रधातू असतो, काम झकास करतो, पण तो विजेचा वाहक आहे आणि ॲल्युमिनियमला पोखरतो. हे वाचल्यावर आपण तो लॅपटॉप आतून कधीही साफ करायचा नाही, असे मी मनाशी पक्के केले.

पडद्याबाबत मात्र मी हट्टाला पेटले. 2560 गुणिले 1600 ठिपके आणि 240 हर्ट्झ, म्हणजे दर चार मिलिसेकंदांहून थोड्या अधिक वेळाने नवे चित्र. आमच्या वयाच्या डोळ्यांना एवढे कशाला, असे नवरा म्हणाला. चष्मा नाकावर चढवून मी त्याला सांगितले की डोळ्यांचे वय आणि हौसेचे वय वेगळे मोजायचे असते.

अखेर मी मधली वाट धरली. पडदा 14 इंची, कार्ड मधल्या नंबरचे, त्याचे वॅट तळटिपेत स्पष्ट छापलेले, आणि गरम हवेची तोंडे मागच्या बाजूला. या शेवटच्या अटीवर मी कोणत्याही तज्ज्ञाचे ऐकून घेतले नाही. वीट घरच्या टेबलाखाली कायमची मुक्कामाला ठेवली. बॅगेत फक्त छोटा टाइप-सी चार्जर, कारण तक्ते आणि अहवाल यांना राक्षसांएवढी वीज लागत नाही. झाकण साधे राखाडी आहे. साहेबांनी एकदा ते उचलून ‘काय सुटसुटीत आहे हो तुमचा लॅपटॉप’ असे कौतुकही केले, आणि मी नम्रपणे मान डोलावली.

रात्री मी पंखे शांत मोडवर टाकते आणि गेमला सेकंदाला 80 फ्रेमांपुढे, म्हणजे 80 चित्रांपुढे, जाऊ देत नाही. मग चिप उगाच धावत नाही, हात भाजत नाही आणि घरही झोपते. सुट्टीत आलेल्या भाच्याने ही व्यवस्था पाहिली तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

‘मावशी, 240 चा पडदा घेतलास आणि 80 वर खेळतेस?’

‘240 ला 80 ने निःशेष भाग जातो,’ मी म्हटले. ‘एकेक फ्रेम तीन-तीनदा बघायला मिळते.’

त्याने पुढे काही न बोलता लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि टर्बो मोड लावला. पंख्यांनी सूर धरला न धरला तोच आतल्या खोलीतून नवऱ्याची हाक आली, ‘अगं, जे काय उडवताय ते बाहेर नेऊन उडवा!’ बराच वेळ कुजबुजत वाटाघाटी झाल्या. भाचा 144 वर अडून बसला होता, पण 240 ला 144 ने भाग जात नाही हे मी त्याला कागदावर करून दाखवले. शेवटी 120 वर तह झाला, तोही दार लावून घेण्याच्या अटीवर.