दुःखानं देव जवळ येते का? पारावरची खडाजंगी

ठिणगी टाकली कीर्तनकार बुवांनी. "दुःख म्हणजे देवाचं बोलावणंच समजा, राजेहो. गीतेतबी चार भक्तांत पहिलं नाव आर्ताचं, दुखण्यात हाक मारणाऱ्याचं."

"नाव पहिलं हाय, नंबर नाई," मास्तरांनी तिथंच धरलं. "सातव्या अध्यायातला सोळावा श्लोक सांगून बुवा थांबते. सतराव्यात ज्ञानी श्रेष्ठ म्हटला. आर्ताचं दुखणं सरलं का मारोतीपुढचा दिवाबी बंद."

"मंग तुकोबाइचं काय? 1630 च्या दुष्काळात बायको गेली, धंदा बुडाला, तवाच डोंगर धरला ना?"

"त्या दुष्काळात घरं लय बुडाली, बुवा. तुकोबा एकच झाले."

इथं मास्तरांचं पारडं जड होतं. दुःखानं रोजची घडी मोडते, एवढंच. मोडलेल्या जागी काय बसतं, नाम की दारू, हे दुःख ठरवत नाही.

जागलीवाल्या पोट्ट्यानं वेगळाच फाटा काढला. "जागलवाले तुरीत पीक राखत रातभर मचाणावर एकटेच असतेत. देव भेटला काय कोणाले? रोही भेटते, नीलगाय!"

"कान डुकराकडं अन् डोये मोबाईलवर. हा पहारा झाला बाप्पा, एकांत नाई," महानुभावी आजोबा म्हणाले. "आमच्या पंथात विजन असते. गावाबाहेर झाडाखाली बसून स्मरण. पण संन्याशाले मंग भिक्षेले गावात यावंच लागते, अन् एका गावाले चिकटून राहता येत नाई."

भिक्षेचा भाग लोक सोडून देतात, आणि मर्म तिथंच आहे. रोज कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं की एकांताचा ताठा चढत नाही.

गुरुदेव मंडळाच्या काकांनी दुजोरा दिला. तुकडोजी महाराज तरुणपणी रामदिघी, गोंदोड्याच्या जंगलात राहिले, पण पुढं मोझरीत सगळ्यांना एकत्र प्रार्थनेला बसवलं. मग काका कामाचं बोलले.

"पहाटे साडेचारले बसा, मंग दूधवाले अन् भोंगे सुरू होतेत. खाली गोणपाट, त्यावर घोंगडी, वर धुतलेलं धोतर. गीतेत दर्भ, अजिन म्हणजे हरणाचं कातडं, अन् वस्त्र असाच थर हाय. बुडाखाली घडी चार बोटं उंच करा, म्हणजे गुडघे टेकतेत अन् पाय लवकर बधिर होत नाई. सुरुवातीले वीस मिनिटं पुरे, 108 मण्यांच्या दोन-तीन माळा. माळेचा मोठा मेरुमणी ओलांडू नोका, माळ उलटी फिरवा."

"अन् सावकार आठवला तर?"

"आठवनच! हाकलला का डबल येते. माळ थांबवा, जे दुखते ते देवाले आपल्या बोलीत मोठ्यानं सांगा, मंग पुन्हा पहिल्या मण्यापासून. झोप आली तर उभ्यानं म्हणा."

मास्तरांनी मध्येच अडवलं. "पण ताज्या दुःखात कोणाले एकटं बसवू नोका. सुतकात चूल पेटत नाई, शेजारी डबा आणतेत, दहा दिवस माणसं येत राहतेत. ते नुसतं पोटासाठी नाई, सोबतीसाठी हाय. माणूस बोलत नाई, झोपत नाई, 'माह्या माघारी' असं म्हणून सगळ्याइची निरवानिरव करते, त्याले ध्यान शिकवायचं नाई. फवारणीचं औषध कुलपात, रातभर कोणीतरी संगं, अन् टेलिमानसले, मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनले, फोन. 14416, फुकट हाय, चोवीस तास."

यावर बुवाही काही बोलले नाहीत. वाद पुन्हा पेटला तो उपासावरून.

"शरीर झिजल्याबिगर देव कसा भेटन?" बुवा.

विहारातला दादा इतका वेळ ऐकत होता. "बुद्धानं सहा वर्षं शरीर झिजवून पाह्यलं अन् सोडून देलं. भिक्खूइच्या वर्षावासातबी, आषाढ ते अश्विन पौर्णिमा, एका जागी राहणं असते, पण उपाशी मरणं नसते."

"तुमच्या गीतेतबी तेच," मास्तर म्हणाले. "सतराव्या अध्यायात, देहाले छळणारे आतल्या मलेबी छळतेत, असं देव म्हणते. निर्जळी करून वैशाखात वखरावर गेलं का ऊन लागते, देव लागत नाई. शुगरची गोळी घेऊन उपाशी राह्यलं का शुगर उतरते, चक्कर येते, घाम फुटते, अन् लोक म्हणतेत अंगात आलं."

बुवांनी निर्जळी सोडायला साफ नकार दिला. त्यांची एकादशी, त्यांचं पोट. पण कीर्तनात ती दुसऱ्यांना सांगू नये, यावर मास्तर अडून बसले आणि बुवा उपरणं झटकत उठले.