पदवी एकाची, धोका दुसऱ्याच्या लेकराला

यंदा चवथीला आम्ही सगळे गोव्यात डिचोलीच्या मूळ घरी जमलो होतो. गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधून झाली आणि माझ्या चुलतभावाने मोबाईल काढून एका डॉक्टरचे भाषण सगळ्यांना ऐकवायला सुरुवात केली. गळ्यात स्टेथोस्कोप, आवाज शांत, आणि सांगणे एवढेच की मुलांना लस टोचणे हा कंपन्यांचा धंदा आहे, शरीर आपले आपण बघून घेते. भावाच्या मुलाला दीड वर्ष पूर्ण झाले असून त्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस या भाषणांपायी राहून गेला आहे. त्याच ओसरीवर माझ्या भाचीचे पाच महिन्यांचे बाळ निजले होते. गोवराची लस एरवी नवव्या महिन्याआधी देत नाहीत, म्हणजे त्या बाळाला आज राखणारे काही असेल, तर ते मुख्यतः भोवतालच्या मोठ्या मुलांनी घेतलेली लसच आहे. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत टिकतात. हे मी सांगितले तेव्हा भाऊ म्हणाला, "तू डॉक्टर आहेस की ते डॉक्टर आहेत?"

या एका प्रश्नाने माझे डोके फिरले, आणि ते अजून शांत झालेले नाही. डॉक्टरच्या शब्दाला मान द्यायचा, तर बांबोळीला सरकारी इस्पितळाच्या बालरोग विभागात रात्रंदिवस राबणारे डॉक्टर कोण आहेत? ज्यांनी याच मुलाला जन्मल्यावर क्षयाची बीसीजी लस टोचली, ते कोण होते? हजार डॉक्टर एक सांगतात तेव्हा ते विकले गेलेले असतात, आणि एकजण उलटे बोलतो तेव्हा मात्र त्याची पदवी हा पुरावा होतो, हा कुठला न्याय?

आणि हे भक्त एकटे नाहीत, त्यांना सांभाळून घेणारे भोवताली भरपूर आहेत. आमच्याच घरात एक काका म्हणाले की प्रवाहाविरुद्ध बोलायला धाडस लागते. वहिनी म्हणाली की दोन्ही बाजू ऐकून घ्यायला काय हरकत आहे. मला याचाच जास्त संताप येतो, कारण भक्ताशी निदान भांडता तरी येते, पण ही सभ्य माणसे सगळ्यांचा मान राखायच्या नादात खोट्याला खऱ्याच्या पंक्तीला बसवतात आणि वर आपणच समंजस असल्याचे समाधान मानतात.

दुसरी बाजू कशी उभी राहिली, हे तरी त्यांनी बघावे. 1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड या इंग्लंडमधल्या डॉक्टरने 'लॅन्सेट' नियतकालिकात अवघ्या 12 मुलांवरचा निबंध छापून आणला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, संबंध असल्याची शंका पसरवली. लस कंपन्यांवर दावे लावू पाहणाऱ्या वकिलाकडून त्याने पैसे घेतले होते, हे पुढे उघडकीला आले. 2010 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी त्याचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले गेले. एवढे होऊनही त्याचे अनुयायी घटले नाहीत, उलट सत्य बोलल्याची शिक्षा भोगलेला माणूस म्हणून ते त्याला डोक्यावर घेऊन नाचले. चूक सिद्ध झाली की श्रद्धा वाढते, अशा ठिकाणी पुरावा दाखवून काय उपयोग, हे मला खरोखर कळेनासे झाले आहे.

याच भावाला दोन वर्षांपूर्वी बाजारात कुत्रा चावला, तेव्हा तो धावत आरोग्य केंद्रात गेला आणि रेबीजची सगळी इंजेक्शने तारखा सांभाळून घेतली. शरीर आपले आपण बघून घेईल, असे तेव्हा त्याला वाटले नाही. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला तोही गावोगाव कुत्र्यांना लस टोचूनच. स्वतःच्या जिवावर बेतते तेव्हा लस चालते आणि बोलता न येणाऱ्या मुलाची पाळी आली की स्वातंत्र्य आठवते, ही गोष्ट मी त्याला चारचौघांत सुनावली आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

वाईट वाटते ते आमच्या वाड्यावर येणाऱ्या नर्सबाईंचे. खांद्याला शीतपेटी लावून भर उन्हात त्या चढण चढून येतात. कुपीवरच्या वर्तुळातला चौकोन गडद झाला नाही ना, म्हणजे लस उष्णतेने वाया गेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय सुई हातात घेत नाहीत. गोवराची भुकटी एकदा पातळ केली की चार तासांनी उरलेली टाकून द्यावी लागते, म्हणून कुठल्या घरी किती मुले आहेत ते आधी विचारून ठेवतात. लस टोचल्यावर अर्धा तास मुलाजवळ बसतात. गेल्या खेपेला माझ्या भावाने त्यांना दारातूनच परत पाठवले आणि तुम्हाला यात किती मिळतात, असे विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. मुलाचे कार्ड मागून त्यावर पेन्सिलीने पुढच्या सत्राची तारीख लिहिली आणि उंबऱ्यावर ठेवून त्या खाली उतरल्या.

ते कार्ड आता माझ्याकडे आहे. त्या तारखेला मी पुन्हा डिचोलीला जाणार आहे, आणि भावाला भांडायचेच असेल तर त्याने नर्सबाईंशी नव्हे, माझ्याशी भांडावे.