चाळिसाव्या दिवशी मागितलेली फाइल

परवा रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन आला. तिचं बाळ दीड महिन्याचं, इथेच पुण्यात ॲडमिट आहे. बराच वेळ ती रडतच होती, मग म्हणाली, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं तर हे डॉक्टर चिडणार नाहीत ना गं?" तीन वर्षांपूर्वी मी नवऱ्याला अगदी हेच विचारलं होतं. म्हणून आज लिहितेय.

आमच्या लेकीची कावीळ तीन आठवडे झाले तरी उतरत नव्हती. कोवळं ऊन दाखवा, जाईल, असं जो तो सांगायचा. आमच्या सिंहगड रोडच्या घरात सकाळचं ऊन फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येतं. तिथे तिला मांडीवर घेऊन मी रोज बसायचे. दूध नीट प्यायची, वजनही वाढत होतं, त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. चौतिसाव्या दिवशी लंगोट बदलताना सासूबाई थबकल्या. "अगं, हिची शी अशी पांढुरकी का? लंगोटाला हळदीसारखा डाग पडायला हवा." त्या दिवसापासून प्रत्येक लंगोटाचा त्याच खिडकीतल्या उजेडात फोटो काढायला लागले. शी दिवसेंदिवस फिकी होत शेवटी भिजवलेल्या कणकेच्या रंगाची झाली. शू मात्र गडद पिवळी, दुपट्यावरचा डाग धुऊनही जाईना.

रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग ज्याने येतो, त्याचाच एक प्रकार) खूप वाढलेलं निघालं. तान्ह्या बाळांची नेहमीची कावीळ इनडायरेक्ट असते, ती बहुतेक वेळा आपोआप जाते. डायरेक्ट वाढलं असेल तर पित्त यकृतातून बाहेर पडायला कुठे अडतंय का, हे तातडीने बघावं लागतं. आमच्या लेकीला पुढे निघाला तो बिलिअरी अट्रेशिया. त्यात यकृताबाहेरच्या पित्तनलिका बंद पडलेल्या असतात. जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांनी त्यावर शस्त्रक्रिया शोधली. त्यात बंद नलिका काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा जास्त असते. उशीर होईल तसं यकृत कडक होत जातं.

तेव्हा आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं. सोनोग्राफी नॉर्मल आहे, औषधं देऊ, तीन आठवड्यांनी परत रक्त तपासू, असं सांगितलं गेलं. (सोनोग्राफी नॉर्मल आली तरी हा आजार असू शकतो, हे नंतर कळलं.) चाळिसाव्या दिवशी नवऱ्याने धीर करून फाइलची कॉपी मागितली. "आमच्यावर विश्वास नसेल तर डिस्चार्ज घ्या," हे उत्तर मिळालं. मग अर्ज, सह्या, मध्ये आलेला रविवार. कागद हातात पडायला दोन दिवस गेले.

त्या डॉक्टरांचं निदान चुकलं म्हणून मला राग नाही. नवजात बाळाच्या यकृताचे आजार सुरुवातीला एकमेकांसारखेच दिसतात. राग आहे तो त्या वाक्याचा. विश्वास होता म्हणूनच तर आम्ही तोंडावर विचारलं, लपूनछपून गेलो नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय. पण ज्या बाळाच्या हातात जेमतेम वीस दिवस उरलेत, त्याचे ७२ तास म्हणजे किती! तान्ह्या बाळाचे रिपोर्ट त्याच दिवशी, न मागता आईबापांच्या हातात पडले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी फाइल उघडलीच नाही. माझ्या मोबाइलमधले लंगोटाचे फोटो एकेक करून बघितले, मागे जाऊन परत बघितले. "हे रोज काढलेत?" एवढंच विचारलं. बाहेर आलो तर काका म्हणाले, मुंबईलाही दाखवून घेऊ. एका नातेवाइकाने काविळीच्या झाडपाल्याचं औषध सुचवलं. त्याला तिथल्या तिथे नाही म्हटलं. मुंबईचं मात्र डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, "जरूर जा, पण आज रात्रीच निघा. आठ दिवसांनी जाणार असाल तर जाऊ नका." कॉरिडॉरमधल्या बाकावर आम्ही दोघं तासभर बसलो आणि इथेच करायचं ठरवलं. सेहेचाळिसाव्या दिवशी ऑपरेशन झालं. आत पित्तमार्गात डाय घालून आधी खात्री केली, मग पुढचं केलं.

आज लेक तीन वर्षांची आहे. तपासण्या, व्हिटॅमिनचे थेंब चालूच आहेत. ताप आला की आमच्या काळजात धस्स होतं. पुढे कधी यकृत प्रत्यारोपण लागू शकतं, तेही आम्हाला माहीत आहे.

मैत्रिणीला म्हटलं, घाबरू नकोस, सकाळी राउंडला सरळ विचार, "डॉक्टर, तुमचं बाळ असतं तर तुम्ही कुणाला दाखवलं असतं?" तिने विचारलं. डॉक्टरांनी स्वतः फोन लावला, वीस मिनिटांत समरी प्रिंट करून दिली. आज चार वाजता कर्वे रोडला दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. बाळाजवळ तिची आई थांबतेय, मी मैत्रिणीबरोबर जातेय. लंगोटाचे फोटो तिने मोबाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवलेत.