संकोच त्यांना वाटतो म्हणे

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठ दिवस एकच वाद चाललाय आणि इथे टोरांटोत माझी झोप उडालीय. झालं असं की वसईला आमच्याकडच्या एका लग्नात वाडीवर काम करणारी वारली माणसं पहिल्या पंगतीला बसली, तर त्यांना उठवून मांडवामागे नेलं, तुमची पंगत शेवटी म्हणून. एका पोराने ग्रुपवर जाब विचारला तर सगळे त्याच्यावरच तुटून पडले, म्हणे त्यांनाच संकोच वाटतो आपल्यात बसायला. आणि बाहेर राहणाऱ्यांनी शिकवू नये. हे मला होतं.

अरे पण मी कुठे शिकवतोय, बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशूनेच सांगितलंय ना, जेवण घालाल तेव्हा नातेवाईक आणि श्रीमंत शेजारी नकोत, ते उलट बोलावून फेड करतात, गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलवा. तेही परूशी या कर्मठ यहुदी पंथाच्या एका पुढाऱ्याच्या घरी, स्वतः पाहुणा म्हणून जेवायला गेलेला असताना यजमानाला तोंडावर सांगितलं. 2025 च्या ऑगस्टमध्येच चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला हे वाचलं गेलं, सगळे बसले होते की ऐकायला. प्रेषित पौल करिंथच्या ख्रिस्ती मंडळीवर चिडला तोही जेवणावरूनच, एकजण पिऊन तर्र आणि दुसरा उपाशी.

इथे थंडीत चर्चच्या तळघरात बेघरांसाठी आऊट ऑफ द कोल्ड नावाच्या उपक्रमाचं जेवण असायचं, सिस्टर सुझन मोरान यांनी 1987 साली सुरू केलेलं. बेघर माणसाला तिथे गेस्ट म्हणायचे आणि वाढणारेही त्याच टेबलावर जेवायला बसायचे, हे मी ग्रुपवर लिहिलं. स्ट्रीटकारमध्ये त्याच गेस्टच्या शेजारची सीट रिकामी राहते, हे नाही लिहिलं.

आणि आणखी एक नाही लिहिलं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात वेअरहाऊसमधल्या शिफ्ट बंद झाल्या, भाडं थकलं, तेव्हा मी त्या तळघरात जेवलोय. दाराजवळ कोपऱ्यात बसलो होतो, मलाही संकोचच वाटत होता, पण म्हणून कोणी मला मागे नाही नेलं. एका म्हातारीने हात धरून मधल्या टेबलावर बसवलं, ब्रेडला बटर लावून दिलं आणि विचारलं, गाव कुठलं तुझं? आईला फोनवर सांगितलं, चर्चमध्ये डिनरला बोलावलं होतं. ती म्हणाली, बरं झालं बाबा, मान देतात तुला तिकडे.

आमच्याकडे केळीचे घड उतरवायला मावशी यायच्या. त्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पेला पडवीच्या वळचणीला खोचलेला असायचा, बुडाशी चेपलेला. त्याच काढायच्या, त्याच धुवून परत खोचायच्या. चहा मी ओतायचो, किटली उंच धरून, पेल्याला टेकू नये म्हणून. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही.

जानेवारीत पुतणीचं लग्न आहे, मी येतोय. दादाला मेसेज केलाय, मावशींना आमंत्रण द्यायला मी स्वतः जाणार आणि पहिल्या पंगतीला त्यांच्या शेजारी बसणार. काल सकाळपासून दोन निळ्या टिक दिसतायत, उत्तर नाही.