दिवाळीचं गिऱ्हाईक म्हणजे पक्कं गिऱ्हाईक नव्हे

छत्रपती संभाजीनगर घ्या, लातूर घ्या, नांदेड घ्या. खिडक्यांच्या काचा साफ करायचा धंदा सुरू करणारी पोरं एक चूक हमखास करतात. दिवाळीच्या तोंडावर पत्रकं छापायची, पेपरात घालायची आणि फोनची वाट बघत बसायची. फोन येतात, नाही असं नाही. पण सगळ्यांना घट बसायच्या आधीचा किंवा वसुबारसेच्या आधीचाच आठवडा हवा असतो. त्यातलं एक घर वाळूजला, दुसरं चिकलठाण्याला. अर्धा दिवस गाडीवर जातो आणि दिवाळी झाली की त्यातलं एकही गिऱ्हाईक वर्षभर तोंड दाखवत नाही.

पक्कं गिऱ्हाईक म्हणजे वर्षातून तीनदा ठरल्या दिवशी दार उघडणारं आणि त्याच संध्याकाळी पैसे देणारं. ते चकाचक काचेवर मिळत नाही, घरातल्या अडचणीवर मिळतं.

आपल्याकडची पहिली अडचण ट्रॅकची, म्हणजे खिडकी ज्या खाचेत सरकते तिची. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीला खालच्या चॅनलमध्ये पाणी बाहेर जायला भोकं असतात. उन्हाळाभर त्यात धूळ बसते. पहिला वळीव झाला की पाणी बाहेर जायच्या ऐवजी घरात येतं, गादी भिजते, आणि लोक काचवाल्याला शिव्या देतात. म्हणून मे महिन्यात दिवाळीची भाषा बोलूच नका. ‘मृगाआधी ट्रॅक मोकळे करून देतो’ एवढंच सांगा. कोरड्या ब्रशने माती सैल करायची, व्हॅक्यूमने ओढायची, भोकात तार फिरवायची, मग ग्लासभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय हे घरच्या माणसाला उभं करून दाखवायचं. ग्लासभर पाण्याचा हा खेळ हजार पत्रकांपेक्षा जास्त काम करतो.

दुसरी अडचण पाण्याची. नळ काही दिवसांआड येणाऱ्या घरात पाइप लावून खिडक्या धुणारा माणूस कुणाला आवडेल? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. वॉशर (काच ओली करायचं दांड्यावरचं फडकं) आणि १४ इंची रबराचा वायपर वापरला तर दोन बेडरूमच्या घराच्या काचांना बादलीभर पाणी पुरतं, त्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. फेस जास्त झाला की रेघा राहतात. पाणी आपलं न्यायचं, आणि नळाच्या दिवशी जायचंच नाही. त्या दिवशी घरात टाकी, ड्रम, हंडे भरायची घाई असते, तुम्ही मध्येच नको असता.

तिसरी, आणि खरी पैशाची, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. इथं कच्चे गडी फसतात. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, कापडाने डागावर ओलं ठेवून चार-पाच मिनिटं, मग पांढऱ्या नायलॉन पॅडने घासून भरपूर पुसणं. पण भाव सांगायच्या आधी कोपऱ्यात चार इंचांची जागा करून बघा. नखाला खरखरीत लागत होतं ते गुळगुळीत झालं आणि काच स्वच्छ दिसली, तर डाग निघणार. गुळगुळीत होऊनही पांढरट दिसतंय, तर काचच खाल्ली गेलीय, ती लिंबूसत्त्वाने परत येत नाही. हे आधीच सांगा. आणि खिडकीचा पाट संगमरवर किंवा कडप्प्याचा असेल तर प्लास्टिक अंथरा. लिंबूसत्त्व हेही ॲसिडच, त्याचा थेंब पडला की पॉलिश उडते आणि भरपाई तुमच्याच गळ्यात. बाथरूमचं ॲसिड तर काच आणि ॲल्युमिनियमच्या जवळपासही नेऊ नका.

डाग कुठून आले हेही शोधा. बहुतेक वेळा गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा गोळा, खराब असतो, टाकी वाहते आणि पाणी भिंतीवरून काचेवर ओघळतं. किंवा वरच्या मजल्यावरचं कुंड्यांचं पाणी. फ्लोट बदलला नाही तर डाग परत येतील आणि नाव तुमचं खराब होईल. उलट ‘आधी फ्लोट बदलून घ्या काकू, मग मला बोलवा’ असं म्हणणाऱ्याला काकू विसरत नाहीत.

शोधायचं कुठे? एकच गल्ली किंवा एकच अपार्टमेंट धरा. सिडको, गारखेडा, उल्कानगरीसारख्या भागात रस्त्याकडेचं तळमजल्याचं घर आधी, कारण धूळ तिथं सगळ्यात जास्त. वॉचमनला आधारची झेरॉक्स द्या, सेक्रेटरीच्या घरच्या दोन खिडक्या पैसे घेऊन करा. फुकट नको, फुकट कामाची किंमत लोक शून्यच धरतात. स्लायडिंग आणि मच्छरजाळी बसवणाऱ्या फॅब्रिकेटरशी ओळख ठेवा. ट्रॅकची तक्रार सगळ्यात आधी त्याच्याकडे जाते.

भाव पल्ल्यावर, म्हणजे खिडकीच्या एकेका सरकत्या फळीवर लावा, चौरस फुटावर नाही. जाळीचा पल्ला वेगळा मोजा, तो काचेपेक्षा जास्त वेळ खातो. पहिल्या वेळचा भाव जास्त आणि पुढच्या फेऱ्यांचा कमी, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. उन्हात तापलेल्या काचेवर साबण वाळतो, म्हणून पश्चिमेच्या खिडक्या सकाळी आणि पूर्वेच्या दुपारनंतर.

काही कामं सोडायलाच हवीत. ‘छज्ज्यावर उतरून बाहेरून पुसा’ म्हणणारं घर, ‘शेजारच्याने निम्म्यात केलं’ म्हणणारं घर, आणि तारीख दोनदा फिरवणारं घर. तिसऱ्यांदा फोन आला तर हजार कामं आहेत म्हणून सांगा.

निघताना पुढची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या: मृगाआधी, घट बसायच्या आधी, संक्रांतीनंतर. दोन दिवस आधी व्हॉट्सॲप टाका, आणि त्यात एक ओळ विचारा, ‘वहिनी, त्या दिवशी नळ तर येणार नाही ना?’