उसनं लाटणं आणि यवतेश्वरचा घाट

आमच्या घरातलं लाटणं सिंहगडाचा घाट चढून आलेलं आहे. एका लाटण्याच्या आयुष्यात हे जरा जास्तच झालं, पण दोष त्याचा नाही.

आमच्या सोसायटीतले काही जण पहाटे पळतात. मी त्यांच्यात कसा सापडलो ते आता आठवत नाही. बहुतेक दूध आणायला खाली उतरलो होतो. वर्षभर सपाट रस्त्यावर पळून कंटाळा आला, तेव्हा कुणीतरी रिलेची टूम काढली. सिंहगडाच्या पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटरचा डांबरी घाट. चौघांचा एक संघ, प्रत्येकाला सव्वादोन किलोमीटर. बॅटन म्हणून काय वापरायचं यावर बराच खल झाला. मी म्हणालो, "आमच्याकडे लाटणं आहे." पळण्याच्या क्षेत्रातलं माझं एवढंच भरीव योगदान. बायकोने दिलं, पण बजावून: "नऊच्या आत घरी पाहिजे." मी नव्हे, लाटणं.

मला तिसरा टप्पा मिळाला. दुसऱ्या टप्प्यावर होते आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका. वय ६३, बँकेतून निवृत्त, पाय हरणाचे. त्यांनी हसत हसत लाटणं माझ्या हातात ठेवलं आणि वर म्हणाले, "पुढे थोडा चढ आहे हं." घाटात पुढे चढ आहे हे सांगायला माणूस बँकेत अधिकारीच असावा लागतो.

एकटा पळणारा दमला की त्याला शंभर वाटा मोकळ्या असतात. बुटाची नाडी बांधता येते, दरीकडे बघत "काय हिरवंगार आहे!" म्हणता येतं, फोन आल्यासारखं करता येतं. रिलेत यातलं काही चालत नाही, कारण फोन खरंच येतो. "कुठे आहेस?" "वळणावर." "कुठल्या वळणावर?" सिंहगडाच्या घाटात या प्रश्नाला उत्तर नाही. त्यात हातात लाटणं. त्यामुळे रस्ताभर लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पुढे बघत होते. एका गाडीतल्या आजींनी तर काच खाली करून विचारलं, "कुणाच्या मागं लागलायस रे बाळा?" मला सांगता आलं नाही, कारण बोलायला श्वास लागतो.

शेवटी चौथ्या टप्प्याचा गडी वैतागून स्कूटरवरून खाली आला. माझ्या हातून लाटणं काढून घेतलं, स्कूटर माझ्या स्वाधीन केली आणि तिथूनच वर पळत सुटला. माझे चारशे मीटर तसेच राहिले. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाताना सगळ्यांनी हा विषय टाळला. म्हणजे दर पाच मिनिटांनी काढून टाळला.

या अपमानाचं परिमार्जन म्हणून मी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं. तिथे कुणी वाट बघत नसतं, असा माझा हिशोब. शिवाय 'हाफ'. हाफ चहा, हाफ तिकीट, हाफ डे... आजवर ज्या ज्या गोष्टीला हाफ लागलं तिने मला सुखच दिलं होतं. हे अर्धं २१.०९७५ किलोमीटर असतं, म्हणजे दशांशचिन्हानंतरही चार घरं चालू राहतं, हे पैसे भरल्यावर कळलं. तयारी म्हणून पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि वेताळ टेकडी. काका म्हणाले, "यवतेश्वर म्हणजे पर्वती नव्हे." पण पर्वती चढतानाही मला पर्वती म्हणजे पर्वती वाटत नव्हती, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही.

आदल्या दिवशी साताऱ्यात पोचलो. पळण्याआधी शरीरात पिष्ट आणि साखर साठवावी असं शास्त्र आहे. साताऱ्यात या शास्त्राला कंदी पेढे म्हणतात. मी पाव किलो शास्त्र एकट्याने पाळलं.

ही शर्यत २०१२ पासून होते, पावसाळ्यात होते, आणि डोंगरात इतकी माणसं एकदम पळाली म्हणून तिची गिनीजमध्ये नोंदही झालेली आहे. पहाटे पोलीस परेड मैदानावर ती सगळी माणसं पावसात उभी होती. मला वाटलं होतं की एवढ्या गर्दीत माझ्यासारखे निम्मे तरी असतील. पण सगळ्यांच्या पोटऱ्या कोरीव कामासारख्या. एकजण तर उड्या मारून स्वतःला गरम करत होता. मी माझी ऊब वापरून संपेल या भीतीने हलत नव्हतो.

गावातून पळताना मी फारच छान पळालो. समर्थ मंदिर आलं तेव्हा वाटलं, उगाच घाबरलो. मग रस्ता उजव्या-डाव्या बाजूला वळायचा सोडून सरळ वरच्या बाजूला वळला. त्यानंतर चढ, चढ आणि चढच. घाटातून सातारा शहर, अजिंक्यतारा, कण्हेर धरणाचं पाणी असं सगळं दिसतं म्हणे. मला धुकं आणि पुढच्या माणसाच्या टी-शर्टची पाठ दिसली. त्यावर "वेदना तात्पुरती असते" असं छापलं होतं. हा माणूस माझ्यापेक्षा तात्पुरता पुढे होता, आणि नंतर कायमचा गेला.

रस्त्याच्या कडेला मात्र गावंच्या गावं टाळ्या वाजवत उभी. सातारकरांचं अंतर मोजण्याचं एक खास माप आहे: "आलंच की!" पाचव्या किलोमीटरला "आलंच की!", नवव्याला "आलंच की आता!", वळण घेऊन परत फिरलो तरी "आलंच की वो!" पहिल्या दोन वेळा मी विश्वास ठेवला. सगळे "पळा पळा" ओरडत असताना छत्री धरून उभ्या असलेल्या एका आजींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "चाला पावनं, चाला." संपूर्ण शर्यतीत मला मिळालेला एकमेव जाणकार सल्ला. मी चाललो.

हा ललिता बाबरचा जिल्हा आहे, हे चालता चालता आठवलं. माणमधल्या मोहीची ही मुलगी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. प्राथमिक फेरीत तिची वेळ होती ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. तीन किलोमीटर, तेही अडथळे ओलांडत आणि पाण्याच्या खड्ड्यात उड्या मारत. तेवढ्या वेळात मी बुटात खडा आहे की नाही याचा शोध घेत होतो. नव्हता. ते बोट होतं.

"जाताना चढ, येताना उतार, म्हणजे फिटंफाट," असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. साफ खोटं. चढताना फक्त दम लागतो. उतरताना मांड्या ब्रेकचं काम करतात: स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो, त्यात त्याचे बारीक धागे दुखावतात, आणि त्याचं बिल दोन दिवसांनी येतं. शिवाय प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो, चिडलेल्या घरमालकाने दार ठोठवावं तसा. चढाला मी देवाकडे उतार मागितला होता. सोळाव्या किलोमीटरला तो परत घ्या म्हणालो.

तीन तास सात मिनिटांनी मी मैदानात शिरलो. काका आंघोळ करून, भांग पाडून, पदक घालून उभे होते. माझ्या हातात केळं दिलं आणि म्हणाले, "छान. कुणी थांबलेलं नव्हतं ना, म्हणून बरं."

मंगळवारी मी जिना उलटा उतरत होतो. मांड्यांना तसंच जमत होतं, तोंड वरच्या मजल्याकडे आणि दोन्ही हात कठड्याला. डाव्या अंगठ्याचं नख जांभळाच्या रंगाचं झालं होतं. शाळेला निघालेला एक मुलगा "काका, तुम्ही चढताय की उतरताय?" असं विचारून गेला. खालून दुसऱ्या मजल्यावरचे काका दोन-दोन पायऱ्या घेत आले.

"येत्या रविवारी परत सिंहगड," ते म्हणाले. "चारच्या ऐवजी पाच माणसं घेतोय."

"पाचवा कशाला?"

"तुझ्या चारशे मीटरला."

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर पोळपाट ठेवला, लाटणं हातात दिलं आणि म्हणाली, "रविवारचं रविवारी बघू. आत्ता बसल्या जागी लाट."

मी बसलो. उठायचं कसं, हे अजून ठरलेलं नाही.